दोन सूत की तीन सूत? जुन्या फिल्म कॅमेऱ्यात ट्रायपॉडचा बुश कसा बसवावा

कपाटातून जुना कॅमेरा निघतो, साफ होतो, शटर चालतं, रोलही मिळतो. मग ट्रायपॉडवर लावायला जावं, तर स्क्रू बुडाच्या भोकात नुसता गोल फिरतो, पकडतच नाही. कॅमेरा बिघडलेला नसतो. भोक तीन सुताचं असतं आणि आपल्या ट्रायपॉडचा स्क्रू दोन सुताचा.

हार्डवेअरच्या दुकानात इंचाचे बोल्ट अजूनही सुतावरच मागितले जातात. एक सूत म्हणजे १/८ इंच. दोन सूत १/४ इंच, म्हणजे ६.३५ मिमी. तीन सूत ३/८ इंच, म्हणजे ९.५२५ मिमी. ट्रायपॉडच्या दुनियेत हेच दोन आटे चालतात: १/४ ला इंचात २० आटे आणि ३/८ ला इंचात १६. आजच्या जवळजवळ सगळ्या क्विक रिलीज प्लेटवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या बुडाला लावून ट्रायपॉडवर झटकन बसवायच्या पट्टीवर, १/४ चा स्क्रू असतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या आणि युद्धानंतर काही वर्षांपर्यंतच्या बऱ्याच जर्मन कॅमेऱ्यांना मात्र ३/८ चं भोक आहे: झाइस इकॉनचे फोल्डिंग, जुने रोलायफ्लेक्स, ऑस्कर बार्नाकच्या घडणीचे जुने लायका, सुरुवातीचे लायका एम३. त्यांच्याच वळणावर गेलेल्या जुन्या सोव्हिएत फेड आणि झोर्कीलाही तेच. झेनिटमध्ये जुन्यांना ३/८ आणि नंतरच्यांना १/४, असे दोन्ही सापडतात. स्टुडिओवाल्यांच्या हाताखालून गेलेले याशिका मॅट १२४जी आणि इलेक्ट्रो ३५ हे १/४ चे. त्यांना काहीच लावायचं नसतं.

या दोहोंमधला दुवा म्हणजे बुश: बाहेरून ३/८ चे आटे, आतून १/४ चे, वरच्या तोंडावर नाण्यासाठी खाच. दिसायला क्षुल्लक वस्तू आहे, दोन मिनिटांत बसते. पण बहुतेक जण बघतात ते फक्त आटा जुळतो का, आणि तो तर जुळतोच. कॅमेरे मरतात ते लांबीमुळे. बुश किंवा स्क्रू अर्धा-एक मिलिमीटर जास्त आत गेला की तो भोकाच्या तळावर टेकतो, आणि मग हाताचा प्रत्येक पीळ थेट कॅमेऱ्याच्या बुडाला वर ढकलतो. म्हणून खाली मोजमापावर जास्त शब्द खर्च केले आहेत आणि प्रत्यक्ष बसवण्यावर कमी.

आटा ओळखणं

व्हर्नियर कॅलिपर घ्या. त्याच्या वरच्या छोट्या जबड्यांनी भोकाचा आतला व्यास, म्हणजे आट्यांच्या टोकाटोकांतलं अंतर मोजा. ५ ते ५.२५ मिमी आलं तर १/४. ७.८ ते ८.१५ आलं तर ३/८. मधलं काही आलं तर आधी भोक साफ करून पुन्हा मोजा. पन्नास वर्षांचा मळ पाव मिलिमीटर सहज खातो.

भोकाच्या तोंडाशी आडवी खाच असलेली पितळी किंवा स्टीलची कडी दिसली, तर आधीच्या मालकाने बुश बसवून ठेवलेला आहे. रोलायफ्लेक्समध्ये हे हमखास आढळतं. असा बुश घट्ट असेल तर त्याला हात लावू नका.

आता एम६ ची भानगड. हा लायकाचा एम नव्हे, ६ मिमीचा मेट्रिक बोल्ट; एम१० म्हणजे १० मिमीचा. एम६ च्या भोकाचा आतला व्यास साधारण ४.९ ते ५.१५ मिमी असतो, म्हणजे १/४ च्या इतका जवळ की नुसत्या व्यासावरून फरक कळत नाही. आणि दुकानात 'पाव इंची द्या' म्हटलं तरी हातात एम६ पडण्याची शक्यता भरपूर. फरक पिचमध्ये आहे. १/४ ला एका आट्यापासून दुसऱ्यापर्यंत १.२७ मिमी, एम६ ला १ मिमी. बोल्ट हातात असेल तर दहा आटे मोजा: १२.७ मिमी भरले तर दोन सूत, १० भरले तर एम६. एम६ चा बोल्ट १/४ च्या भोकात दोन-तीन फेरे आनंदाने जातो, मग अडतो. तिथे जोर लावला की भोकातले आटे गेले म्हणून समजा. एम१० आणि ३/८ यांच्या पिचमध्येही फरक आहे. तिथे फरक आणखी बारीक, १.५ आणि १.५९ मिमी.

भोकातली पिच बघायची तर आगकाडीची गुलाची बाजू तोडून टाका, उरलेली काडी जराशी ओली करा आणि भोकाच्या भिंतीवर आडवी दाबून सरळ बाहेर काढा. लाकडावर आट्यांचे वळ उठतात. तीन आट्यांचं अंतर मोजा: ३.८ मिमी आलं तर १/४, ४.७५ च्या आसपास आलं तर ३/८, नेमकं ३ आलं तर एम६.

व्हिटवर्थ आणि युनिफाइड, या आट्यांच्या दोन मानकांचा प्रश्न अधूनमधून विचारला जातो. जुन्या ब्रिटिश कॅमेऱ्यांचे आणि आपल्याकडच्या सुती बोल्टांचे आटे बहुतेक व्हिटवर्थ, म्हणजे ५५ अंशांचे. आजच्या बुशचे आणि ट्रायपॉड स्क्रूचे युनिफाइड, ६० अंशांचे. पण १/४ ला वीस आणि ३/८ ला सोळा हे आकडे दोन्हींत एकच आहेत. चार-पाच फेऱ्यांच्या लांबीत आणि हाताच्या ताकदीत ते एकमेकांत बिनबोभाट बसतात. नवा बुश जुन्या भोकात किंचित कडक वाटला, तर बुशवरून ३/८ व्हिटवर्थची डाय (बाहेरचे आटे पाडायचं हत्यार) एकदा फिरवून घ्या. कॅमेऱ्याच्या भोकात टॅप (आतले आटे पाडायचं हत्यार) फिरवून ते 'सारखं' करायला जाऊ नका. बुश पुन्हा मिळतो, कॅमेऱ्याचं बूड मिळत नाही.

खोली

व्हर्नियरच्या शेपटीतून निघणारी बारीक पट्टी भोकात तळापर्यंत सोडा आणि व्हर्नियरची कड बुडावर टेकवून वाचा. तीन ठिकाणी मोजा आणि सर्वांत कमी आकडा धरा. तळ नेहमीच सपाट नसतो. ड्रिलच्या टोकाचा खड्डा मध्ये असतो आणि कडेला खोली कमी भरते. बुशची कड मात्र नेमकी त्या कडेलाच टेकणार असते.

काही कॅमेऱ्यांत तळच नसतो. साध्या पत्र्याच्या बॉक्स कॅमेऱ्यात किंवा स्वस्त फोल्डिंगमध्ये भोक थेट फिल्मच्या कप्प्यात उघडतं, किंवा त्यावर आतून नुसती पातळ पत्री असते. बार्नाक लायकात आणि पहिल्या फेड-झोर्कीत भोक सुट्या बूडझाकणात असतं. हे झाकण काढून दोन्ही बाजूंनी बघता येतं, त्यामुळे या कामाला ते सगळ्यात सोपे.

खोली कळली की हिशोब साधा आहे. खोलीतून अर्धा मिलिमीटर वजा करा. बुशचा आटे असलेला भाग त्यापेक्षा लांब नको. एक उदाहरण धरू. भोक ६ मिमी खोल आहे. बाजारातला कॉलरवाला, म्हणजे वरच्या तोंडाशी रुंद टोपी असलेला, बुश एकूण ८ मिमी, त्यात कॉलर १ मिमी, म्हणजे आट्यांचा भाग ७. हा बुश तळाला टेकतो तेव्हा कॉलर बुडापासून १ मिमी वर तरंगत असते. बसवणाऱ्याला वाटतं अजून थोडा पिळायचा राहिला, आणि तो नाण्याने आणखी दाबतो. पुढे काय होतं ते कॅमेऱ्याच्या जातीवर अवलंबून आहे: पातळ पत्र्याचं बूड फुगतं, भोकाचा वाटीसारखा तुकडा आतल्या रिव्हेटसकट सुटतो, किंवा तळ वर उचलला जाऊन वाइंडिंगच्या गिअरला घासू लागतो. या बुशचा आट्यांचा भाग ५.५ वर आणायला हवा.

कोणता बुश घ्यावा

दोन प्रकार मिळतात. बिनकॉलरचा बुश भोकात पूर्ण बुडतो, बूड सपाट राहतं. कॉलरवाल्याची टोपी बाहेर राहते आणि त्यावरच कॅमेरा उभा राहतो. भोक ५ मिमी किंवा त्याहून खोल असेल तर डोळे मिटून बिनकॉलरचा घ्या. कॉलरवाला बसवला की कॅमेऱ्याचा सगळा भार बुडाच्या पृष्ठभागावर न पडता बारा-चौदा मिलिमीटरच्या चकतीवर पडतो आणि कॅमेरा डुलतो. उथळ भोकाला मात्र कॉलर बरी, कारण तेवढी जास्तीची खोली स्क्रूला मिळते.

धातू पितळ किंवा स्टील. अॅल्युमिनियमचे रंगीत बुश ढीगभर मिळतात, ते नकोत. कारण आकड्यांतच आहे: ३/८ च्या आट्याच्या तळाचा व्यास साधारण ७.५ मिमी, आणि आतल्या १/४ च्या आट्याचा बाहेरचा व्यास ६.३५. उरलेली भिंत दोन्ही बाजूंना जेमतेम अर्धा मिलिमीटरहून किंचित जास्त. त्यात वरून नाण्याची खाच कापलेली. एवढ्या भिंतीचं अॅल्युमिनियम खाचेच्या कोपऱ्यातून फाटतं, आणि फाटलेला तुकडा भोकात अडकून बसतो. अॅल्युमिनियमच्या बॉडीत अॅल्युमिनियमचा बुश एकमेकांना चिकटून आटे ओरबाडतो, तो त्रास वेगळाच.

लांब बुश कमी करणं

तीन सुताचा नट घ्या, बुश त्यात उलट्या बाजूने फिरवा, म्हणजे खाच आत आणि कापायचा भाग बाहेर. नट वाइसमध्ये धरा, बुश नव्हे. बारीक कानशीने जास्तीचा भाग काढा. मग काचेच्या तुकड्यावर २२० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून नटासकट आठाच्या आकड्यात घासा, शेवटी ४००. शेवटच्या आट्याची धार कानशीने ४५ अंशांत मोडा. आता बुश नटातून बाहेर काढताना नटच बाहेरच्या आट्यांवरची बर (कापताना उरलेली धातूची बारीक किनार) साफ करतो. आतली बर काढायला खात्रीचा दोन सुती बोल्ट एका टोकाने घालून दुसऱ्या टोकाने बाहेर काढा. पेट्रोलने धुवा, ब्रश मारा, वाळवा. पितळेचा कीस कॅमेऱ्याजवळ नको. हे सगळं दुसऱ्या टेबलावर करा.

किती आटे उरले हेही बघा. १/४ स्क्रूला कमीत कमी तीन पूर्ण फेरे पकड हवी, म्हणजे सुमारे ४ मिमी. किलोभराच्या वरचा कॅमेरा असेल तर चार फेरे. एवढे मिळत नसतील तर तो कॅमेरा बुशवर लटकवू नये. ३/८ चा स्क्रू असलेली प्लेट शोधा. व्हिडिओच्या जड ट्रायपॉडवर ती मिळते.

बसवणं

कॅमेऱ्यात रोल नको. कॅमेरा उलटा, मऊ कापडावर. कापसाच्या काडीला लायटरचं पेट्रोल लावून भोकातले आटे पुसा; काडी ओली हवी, थेंब गळणारी नको. भोक आत उघडं असेल तर पेट्रोल सरळ शटरच्या पडद्यावर जातं. काडी काळी यायची थांबेपर्यंत पुसा आणि दहा मिनिटं वाळू द्या.

बुश बोटांनी भोकावर ठेवा आणि आधी उलटा फिरवा. एक बारीक 'टक्' लागतं: तिथे आट्याची सुरुवात आहे. तिथून सुलट फिरवा. आटा तिरका चढू नये म्हणून ही सवय जन्मभर लावून घेण्यासारखी आहे. पहिले तीन फेरे फक्त बोटांनी. अर्ध्या फेऱ्यातच कडक लागलं तर पुढे जाऊ नका. काढा, पुन्हा पुसा, पुन्हा उलटं फिरवून बघा. तीनदा तसंच झालं तर भोकाचे पहिले आटे दबलेले आहेत किंवा बुश वेगळ्या मापाचा आहे.

शेवटचा भाग नाण्याने किंवा रुंद पात्याच्या स्क्रूड्रायव्हरने. पातं खाचेत सैल बसत असेल तर वापरू नका, घसरून चामड्यावर ओरखडा काढतं. बिनकॉलरचा बुश बुडाच्या पातळीखाली ०.२ ते ०.३ मिमी गेला की थांबा. वर पट्टी आडवी ठेवून उजेडाकडे बघा, पट्टीखाली बुश टेकता कामा नये. तो किंचितही वर राहिला, तर प्लेट बुडावर न बसता बुशवर बसते, स्क्रू घट्ट करताना बुशच वर ओढला जातो आणि कॅमेरा हलतच राहतो.

आता सगळ्यांना सतावणारा प्रश्न: कॅमेरा प्लेटवरून काढताना बुशही सोबत बाहेर का येतो? दोन्ही आटे एकाच दिशेचे आहेत, आणि ट्रायपॉड स्क्रूची बुशवरची पकड बुशच्या भोकातल्या पकडीपेक्षा जास्त भरते, म्हणून. उपाय म्हणजे बाहेरच्या आट्यांना हलका लॉक. धातूच्या भोकात लॉकटाईट २२२, जांभळं, कमी ताकदीचं. टूथपिकच्या टोकाने मधल्या दोन आट्यांवर एक टिंब. खालच्या टोकाला लावू नका, ढकललं जाऊन तळाशी साचतं. रात्रभर ठेवा. नेलपॉलिशही चालतं आणि ते काढायला सोपं. लाल लॉकटाईट, फेविक्विक, अॅराल्डाइट यांतलं काहीही नको. प्लास्टिकच्या बुडाला लॉकटाईटही नको. कित्येक प्लास्टिकना त्याने तडे जातात, आणि ते कोरडं व्हायला धातूच लागतो.

नेलपॉलिश पुढे कधी काढायचं झालं तर अॅसिटोन सुईच्या टोकाने फक्त आट्यावर सोडा. चामड्याच्या कापडाला आणि रंगाला ते लगेच खातं.

ट्रायपॉडच्या स्क्रूची लांबी

बुश आरपार असतो. म्हणजे स्क्रू बुशमधून पलीकडे निघून भोकाच्या तळावर टेकू शकतो, आणि सगळी काळजी घेऊन बसवलेला बुश असतानाही तेच नुकसान होतं. प्लेटमधून स्क्रू किती वर येतो ते मोजा. बिनकॉलरचा बुश असेल तर हा आकडा भोकाच्या खोलीपेक्षा निदान अर्धा मिलिमीटर कमी हवा. वरच्या उदाहरणात भोक ६ मिमी, स्क्रू ६.५ वर येत असेल तर तो तळाला धडकणारच. तिथे १.५ मिमी जाडीचं कॉर्क किंवा फायबरचा वायसर प्लेटवर घाला, उरतात ५. कॉलरवाला बुश असता तर कॉलरची १ मिमी मिळून तोच साडेसहाचा स्क्रू अर्धा मिलिमीटर राखून बसला असता.

रबरी पॅडपेक्षा कॉर्क बरं. रबर दाबलं जातं, त्यामुळे स्क्रू किती आत जाईल याचा भरवसा राहत नाही. शिवाय महिनोन् महिने चिकटून राहिलं की जुन्या रंगावर डाग सोडतं. व्हिडिओच्या प्लेटवर स्क्रूपुढे स्प्रिंगची एक छोटी पिन उभी असते, ती काढून टाका. आजच्या व्हिडिओ कॅमेऱ्यांत तिच्यासाठी भोक असतं. जुन्या फोल्डिंगच्या बुडात ती सरळ खड्डा पाडते.

घट्ट करताना बोटांनी टेकेपर्यंत, आणि त्यानंतर फेऱ्याचा आठवा भाग. पक्कड नको. स्क्रूच्या खाचेत नाणं असलं तरी ते दोन बोटांत धरायचं, मुठीत नाही.

लेथवर करून घ्यायचा असेल तर

कुपवाड किंवा मिरजेच्या एमआयडीसीत लेथ चालवणारे टर्नर कमी नाहीत, आणि हे काम त्यांच्या दृष्टीने चहा होईपर्यंतचं आहे. पण 'कॅमेऱ्याचा बुश करून द्या' एवढंच सांगितलं तर एम१० आणि एम६ चा बुश हातात येईल, कारण कारखान्यातलं रोजचं काम मेट्रिकमध्ये असतं. कागदावर लिहून द्या:

पितळी गोल बार, १२ मिमी. बाहेरचा व्यास ९.४ मिमी, त्यावर ३/८ इंच, १६ आटे, डाय. मधून ५.१ मिमी ड्रिल, त्यात १/४ इंच, २० आटे, टॅप. दोन्ही तोंडांना चॅम्फर. लांबी: आपल्या भोकाच्या खोलीतून ०.७ वजा. वरच्या तोंडावर हॅकसॉची खाच, १ मिमी खोल.

क्रम महत्त्वाचा. बार अखंड असतानाच बाहेरचे आटे, मग ड्रिल आणि टॅप, सगळ्यात शेवटी पार्टिंग. आधी कापून घेतला तर इतक्या पातळ भिंतीचा तुकडा चकमध्ये दाबला जाऊन अंडाकृती होतो. टॅप धारदार हवा; बोथट टॅप पितळ कापण्याऐवजी फुगवतो आणि बाहेरचे आटे भोकात कडक जातात. एक करायला जाल तर चार करून घ्या, वेगवेगळ्या लांबीचे: ४, ४.५, ५.३, ६.३. मशीन लावायचा वेळ तेवढाच लागतो.

सोबत दोन सुती बोल्ट खात्रीने न्या आणि तिथेच फिरवून बघा. कॅमेरा मात्र न्यायचा नाही. लेथजवळच्या हवेत बारीक कीस आणि कूलंट उडत असतं.

अडकलेला बुश आणि पुरातून निघालेले कॅमेरे

सांगलीत २००५ आणि २०१९ च्या महापुरांत पाण्याखाली गेलेल्या घरांतून निघालेले कॅमेरे अजूनही दुरुस्तीला येतात. लेन्स, शटर यांचं काय व्हायचं ते होतं, पण बुडाच्या भोकातही एक वेगळीच गोष्ट घडलेली असते. अॅल्युमिनियमच्या बॉडीत स्टीलचा बुश ओला राहिला की दोन धातूंमध्ये विजेचा बारीक प्रवाह चालू होतो आणि अॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झिजतं. ही भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा खाते, त्यामुळे बुश पाचर मारल्यासारखा घट्ट बसतो.

अशा बुशावर लगेच पीळ देऊ नका. शिलाई मशीनची सुई पेनिट्रेटिंग ऑइलमध्ये बुडवून आट्याच्या फटीत एक थेंब सोडा. डब्ल्यूडी-४० चा फवारा मारायचा नाही. अर्धं तेल भोकाबाहेर पसरून शटरमध्ये आणि मागच्या झाकणाच्या फोमात जातं. रात्रभर थांबा. सकाळी सोल्डरिंग आयर्नचं टोक बुशवर मिनिटभर धरा, पूर्ण थंड होऊ द्या, पुन्हा एकदा. अॅल्युमिनियम स्टीलपेक्षा जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्या हालचालीने भुकटीचा थर मोडतो. आजूबाजूच्या चामड्यावर ओला कापडी पट्टा ठेवा. मग स्क्रूड्रायव्हरचं पातं ग्राइंडरवर घासून खाचेच्या मापाचं करा आणि आधी घट्ट करायच्या दिशेने किंचित हलवा, मग सोडायच्या. त्यानेही हललं नाही, तर बुश आत राहू द्या आणि आतल्या १/४ आट्यांचीच सफाई करा. वापर तर त्यांचाच आहे.

पावसाळ्यात कॅमेरा प्लेटवर चढवलेला ठेवून देऊ नये, हेही इथेच सांगितलेलं बरं. कॉर्क ओल धरतं आणि बुडाला हिरवट चट्टा पडतो.

आटे गेलेलं भोक

दोन-तीनच आटे दबले असतील तर बॉटमिंग टॅप (तळापर्यंत आटे पाडणारा) घ्या, त्याच्या खाचांत ग्रीस भरा म्हणजे कीस तिथेच चिकटेल, आणि कॅमेरा भोक खाली राहील असा धरून टॅप हाताने, बिनहँडलचा, फिरवा. इथे टॅप नवे आटे कापायला नाही, जुने उभे करायला आहे. अर्धा फेरा पुढे, पाव मागे.

१/४ चं भोक पूर्ण गेलं असेल तर तेच ८ मिमीच्या ड्रिलने मोठं करून त्यात ३/८ चा टॅप मारून बुश बसवता येतो. मात्र दोन अटींवर. भोक सुट्या धातूच्या तुकड्यात असावं आणि तो तुकडा बॉडीतून काढता यावा. आणि त्याचा बाहेरचा व्यास १३ मिमीच्या आत नसावा. बॉडीत बसलेल्या भोकावर हँड ड्रिल चालवणं म्हणजे कॅमेऱ्याला निरोप. जिथे हे जमत नाही तिथे खालून बसणारी पितळी पट्टी, किंवा केसच्या बुडातल्या स्क्रूवर काम भागवा.

लाकडी फील्ड कॅमेऱ्यांचं प्रकरण वेगळं आहे. केरळातल्या अलप्पुळ्याच्या वागीश्वरीसारख्या कॅमेऱ्यांत आटे पितळी पट्टीत असतात आणि ती पट्टी लाकडात स्क्रूंनी बसवलेली असते. तिथे बुशपेक्षा ते लाकडातले स्क्रू आधी तपासा. सैल असतील तर भोकात बांबूची काडी आणि फेव्हिकॉल भरून पुन्हा बसवा. एवढ्या वजनाला १/४ चा बुश लावणं चूकच; ३/८ चा स्क्रूच वापरा.

तपासणी

रोल भरण्याआधी चार गोष्टी बघा.

कॅमेरा हातात धरून १ सेकंद, १/३० आणि बी (बटण दाबून धरेपर्यंत शटर उघडं) वर शटरचा आवाज ऐका, वाइंडिंगचा ताण बोटाला किती लागतो ते लक्षात ठेवा. मग प्लेटवर घट्ट करून पुन्हा तेच. आवाज बदलला, १ सेकंद अडखळला किंवा वाइंडिंग जड झालं, तर स्क्रू तळाला टेकलेला आहे. वायसर घाला.

अंधाऱ्या खोलीत मागचं झाकण उघडा, भोकात मोबाईलची टॉर्च लावा आणि आतून बघा. प्रकाशाचा ठिपका दिसला तर भोक फिल्मच्या कप्प्यात उघडतं. आतून काळी कापडी टेप लावा. जुना बुश काढल्यावर हे भोक उघडं पडलेलं अनेकदा लक्षातच येत नाही, आणि पूर्ण रोलवर एकाच जागी पांढरा पट्टा येतो.

प्लेट आणि बूड यांच्यामध्ये चारही कोपऱ्यांत वर्तमानपत्राच्या पट्ट्या ठेवून स्क्रू आवळा. चारही ओढून बघा. एखादी सहज सुटली तर बुश वर आला आहे किंवा बूड सपाट नाही.

शेवटी कॅमेरा ट्रायपॉडवर चढवून हेड ९० अंश आडवं करा आणि पाच मिनिटं तसंच ठेवा, खाली उशी. आडव्या स्थितीत कॅमेऱ्याचं वजन स्क्रूला फिरवायला बघतं. बुश सैल असेल तर कॅमेरा हळूहळू नाक खाली करतो. ३०० मिमीसारखी लांब लेन्स लावायची असेल आणि तिला स्वतःचं ट्रायपॉडचं भोक असेल, तर प्लेट लेन्सला लावा, कॅमेऱ्याला नको. लेन्सचं भोकही असंच मोजून घ्या. जुन्या लांब लेन्सना ३/८ चं भोक असू शकतं.